लेकीची झोप आणि मेट्रोची गाडी

आम्ही रसायनी-मोहोपाडा भागातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. नेहमी आपण इथे कर्ज, हप्ते, भाजीपाला, पापड-मसाला असं बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी मुंबईत जमिनीखालून धावणारी मेट्रो चालवायला लागली आहे. तिचं नाव सांगत नाही, तिनेच तसं बजावलंय. पण ती सुट्टीला घरी आली की आम्ही सगळ्या तिच्याभोवती बसतो आणि खोदून खोदून विचारतो. तिने जे सांगितलं ते, आणि त्यावरून गटात जे बोलणं झालं ते, आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवातीला एक गोष्ट. बाईने आगगाडी चालवणं आपल्या भागाला नवीन नाही. सुरेखा यादव हे नाव तुम्ही ऐकलं असेल. साताऱ्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून तिने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि १९८९ साली सहायक चालक म्हणून रेल्वेत लागली. भारतातली पहिली महिला रेल्वेचालक ती. आधी मालगाडी चालवली, मग लोकल, मग घाटातल्या गाड्या. आपला बोरघाट म्हणजे दर ३७ फुटांना १ फूट चढ. त्या घाटात गाडी आवरायला वेगळं शिक्षण लागतं, तेही तिने घेतलं. ८ मार्च २०११ या महिला दिनी तिने पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला नेली, म्हणजे आपल्या कर्जतवरूनच गेली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. ३६ वर्षं नोकरी करून सप्टेंबर २०२५ मध्ये ती निवृत्त झाली. मुंबईची पहिली मेट्रो, वर्सोवा ते घाटकोपर, ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. त्या दिवशी पहिली गाडी चालवणारीसुद्धा बाईच होती, रूपाली चव्हाण.

म्हणजे बाईला जमेल का, हा प्रश्न कधीच निकालात निघालाय. आमच्या गटात तो कुणी विचारलाही नाही. प्रश्न निघाला तो दुसराच, आणि त्याच्यासाठीच आज आम्ही इथे आलोय. तो पुढे सांगतो. आधी हे काम काय असतं ते ऐका.

आमची पोर चालवते ती मुंबईची तिसऱ्या क्रमांकाची मेट्रो, आरे ते कफ परेड. साडेतेहतीस किलोमीटर लांब, २७ स्थानकं, आणि त्यातलं आरेचं एक सोडलं तर बाकी सगळी जमिनीच्या पोटात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती शेवटपर्यंत पोचली. बीकेसी आणि धारावीच्या मध्ये तर हा बोगदा मिठी नदीच्या खालून जातो. वर पाणी, खाली गाडी. आपल्याकडे नव्या पनवेल-कर्जत मार्गासाठी वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणला, त्याचंच आपल्याला किती कौतुक वाटलं. तिला रोज तासतासभर बोगद्यातच राहायचं असतं.

आता या नोकरीत शिरायचं कसं? मेट्रोच्या जाहिराती निघतात, त्यात ट्रेन ऑपरेटर किंवा स्टेशन कंट्रोलर असं पद असतं. बहुतेक ठिकाणी इंजिनीअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा मागतात. आपल्या रेल्वेत सहायक चालक व्हायचं असेल तर दहावी आणि ठरावीक ट्रेडमधला आयटीआय चालतो, किंवा डिप्लोमा. लेखी परीक्षा संगणकावर होते. त्यानंतर एक वेगळीच चाचणी असते, तिला आपण लक्षाची परीक्षा म्हणू. रेल्वेत तिचे पाच भाग आहेत. पाहिलेलं किती आठवतं, सांगितलेल्या सूचना बरोबर पाळता येतात का, चित्रात पुढचं-मागचं ओळखता येतं का, मन किती एकाग्र राहतं, आणि नजर किती चटकन फरक पकडते. पाचही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. एकात भरपूर गुण आहेत म्हणून दुसऱ्यातली कमतरता भरून निघत नाही. यात कुणालाही सवलत नाही.

मग डोळे. हे नीट ऐका, कारण इथे पुष्कळ मुली अडतात. रेल्वेच्या चालकाला चष्म्याशिवाय सहा-बाय-सहा नजर लागते, आणि लेझरचं ऑपरेशन करून चष्मा घालवला असेल तर तेही चालत नाही. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा ओळखायला लावून रंग ओळखता येतात का ते बघतात. लाल आणि हिरव्यात गोंधळ होत असेल तर सिग्नल कसा कळणार? मेट्रोतही नजर कसून तपासतात. म्हणून आमचं सांगणं, मुलगी आठवी-नववीत असतानाच तिचे डोळे आणि रंग ओळखणं तपासून घ्या. तीन वर्षं डिप्लोमाला पैसे घालून मग कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. नजर कमी असेल तर स्टेशनवरची, सिग्नलची, दुरुस्तीची कितीतरी कामं आहेत, त्यांचे नियम वेगळे असतात.

निवड झाल्यावर लगेच गाडी हातात देत नाहीत. आधी वर्गात शिकवतात. नियमांची जाडजूड पुस्तकं पाठ करायची. ब्रेक कसा काम करतो, वीज कुठून येते, सिग्नल कसा बोलतो. मग सिम्युलेटर. म्हणजे खरी केबिन वाटावी अशी खोली, पुढे पडदा, आणि पडद्यावर बोगदा धावतो. शिकवणारे मागे बसून मुद्दाम काहीतरी बिघडवतात. दरवाजा बंद होत नाही, डब्यात धूर झाला, वीज गेली. तुम्ही काय करता, कुठल्या क्रमाने करता आणि नियंत्रण कक्षाला काय शब्द वापरून सांगता, हे सगळं बघतात. पोर म्हणाली, “काकू, घाबरायला हरकत नाही, पण क्रम चुकायला नको.” मग डेपोत गाडीखाली उतरून गाडी समजून घ्यायची. मग जुन्या चालकाबरोबर केबिनमध्ये बसून मार्ग अंगवळणी पाडायचा. कुठे वळण, कुठे उतार, कुठे बोगद्यातून बाजूच्या बोगद्यात जायची वाट, सगळं डोक्यात बसवायचं. शेवटी तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा, आणि पास झालं तर सक्षमतेचं प्रमाणपत्र. ते नसेल तर गाडीला हात लावता येत नाही. पुढेही मधून मधून परीक्षा चालूच राहते.

आता रोजचं काम. पहिली गाडी सकाळी सहाच्या आसपास सुटते. म्हणजे चालवणारीला त्याच्या कितीतरी आधी डेपोत हजर व्हावं लागतं. हजेरी लावायची, नळीत फुंकून दारूची तपासणी द्यायची. ही तपासणी सगळ्यांना, बाई असो की पुरुष. खोकल्याचं औषधसुद्धा ती विचारल्याशिवाय घेत नाही. आदल्या दिवसात काही नवीन सूचना निघाल्या असतील तर त्या वाचून सही करायची. मोबाईल बंद करून ठेवायचा. मग गाडी तपासायची. ब्रेक, दरवाजे, भोंगा, दिवे, आतली बोलायची यंत्रणा. सगळं ठीक असेल तर नियंत्रण कक्षाची परवानगी घेऊन गाडी बाहेर काढायची.

आमच्यातल्या एकीने विचारलं, “पण म्हणे ती गाडी आपोआपच चालते. मग तू करतेस काय?” बरोबर प्रश्न आहे. त्या मार्गावर गाडीचा वेग, थांबणं, दोन गाड्यांमधलं अंतर, हे संगणक सांभाळतो. गाडी फलाटावरच्या काचेच्या दारांसमोर नेमकी थांबते. चालवणारी बघते ती माणसं. दारात कुणाचा पदर, कुणाची पिशवी, कुणाचं लेकरू तर अडकलं नाही ना. दरवाजे बंद झाले की मगच गाडी सोडायची. एका फेरीत २७ स्थानकं. दिवसाला चार फेऱ्या झाल्या तर हे काम शंभराहून जास्त वेळा झालं. शंभराव्या वेळीही पहिल्याइतकंच नीट बघावं लागतं.

आणि संगणकाला न जमणारं काही झालं तर सगळा भार तिच्यावर. आठ डब्यांची गाडी, भरली की दोन हजारांहून जास्त माणसं. बोगद्यात गाडी थांबली तर लोक घाबरतात. अशा वेळी माईकवरून शांत आवाजात बोलायचं, खरं तेच सांगायचं, नियंत्रण कक्षाशी बोलत राहायचं. धूर झाला तर बोगद्यातले मोठे पंखे तो एका बाजूला ढकलतात आणि माणसांना दुसऱ्या बाजूने न्यायचं असतं. कुठली बाजू, हे वरून कळतं, पण माणसांना पुढे घालून नेणारी तीच. शिवाय कधी संगणकाशिवाय हाताने गाडी चालवावी लागली तर तेही यायला हवं.

तिने आणखी एक सांगितलं, ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटलं. गाडी जितकी आपोआप चालते, तितकं जागं राहणं अवघड जातं. बोगद्यात ऊन नाही, सावली नाही, सकाळ नाही, संध्याकाळ नाही. समोर तोच रूळ, तेच दिवे. आदल्या दिवशी झोप झाली नसेल तर डोळा लागायला वेळ लागत नाही. आणि हिशोब बघा. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. पाच सेकंद पापणी मिटली तर शंभर मीटरहून जास्त अंतर गेलं, आणि त्या शंभर मीटरमध्ये काय होतं ते कुणी पाहिलंच नाही. गाडीला थांबवणारी यंत्रणा आहे, म्हणून लगेच अपघात होईल असं नाही. पण दारात अडकलेला पदर बघायला माणूसच लागतो, आणि तो जागा लागतो.

इथेच आमचा प्रश्न निघाला. तिची ड्युटी कधी पहाटेची, कधी दुपारची, कधी रात्री उशिरा संपणारी. इथून रोज जाणं-येणं शक्य नाही. आपल्या रसायनी स्टेशनावर गाड्या मोजक्याच थांबतात, आणि पहाटे तीनला आरेला नेऊन सोडेल असं कुणी नाही. म्हणून ती डेपोच्या बाजूला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि सुट्टीला घरी येते. रात्रीची ड्युटी करून सकाळी घरी पोचली की तिला झोपायचं असतं. सकाळी दहाला, आपल्या गावात, तरण्या मुलीने झोपायचं! शेजारीण दारातून विचारते, “काय गं, अजून उठली नाही तुझी लेक?” पाहुणे आले की तिला उठवायचं, कारण मुंबईची मुलगी सगळ्यांना बघायची असते. दळण आणायचं, पाणी भरायचं, भावाचा डबा करायचा, हे सगळं तिच्याच वाट्याला, कारण “आज घरी आहेस ना?” गौरी-गणपतीत जागरणाला बसली नाही तर नाराजी. आता तिला स्थळं येतायत, आणि प्रत्येक स्थळाचा पहिला प्रश्न तोच: लग्नानंतर रात्रपाळी सोडेल का?

गटाच्या बैठकीत यावर बोलताना आमच्यातल्या एका आजींनी एक गोष्ट काढली. त्यांचे यजमान एचओसीत होते. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, १९६० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. आपल्या रसायनीचं नावच त्या रसायनांच्या कारखान्यांमुळे घराघरात पोचलं. कंपनी म्हणजे तीन शिफ्ट. पहिली, दुसरी आणि नाईट. आजी म्हणाल्या, “ते नाईट करून आले की आम्ही खिडकीला चादर लावायचो. पोरांना सांगायचो, बाबा रात्रपाळी करून आलेत, गप बसा. मिक्सर लावायचा नाही, रेडिओ लावायचा नाही. कुणी आलं तर अंगणातूनच परत पाठवायचो. त्यांचं जेवण चार वाजता असलं तर चारला गरम करून द्यायचो. कुणी त्यांना आळशी म्हटलं नाही.”

ऐकताना सगळ्याजणी माना डोलवत होत्या, कारण प्रत्येकीच्या घरात किंवा माहेरी हे झालेलं आहे. रात्रपाळीच्या माणसाची झोप कशी राखायची, हे रसायनीच्या बायांना कुणी शिकवायला नको. दोन पिढ्या आपण ते काम केलं. फक्त तो माणूस नेहमी पुरुष होता. त्याला कारणही होतं. १९४८च्या कारखाना कायद्याने बाईला संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कारखान्यात कामावर ठेवायला मनाई होती. पुढे महाराष्ट्रात अटी घालून ती ढिली केली. म्हणजे आपल्या घरांनी दिवसा झोपणारी, कमावून आलेली बाई कधी पाहिलीच नव्हती. पाहिली असती तर तिच्यासाठीही खिडकीला चादर लागली असती.

आता काळ बदललाय. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने एचओसीचे रसायनीतले न परवडणारे प्रकल्प बंद करायचा निर्णय घेतला. इस्रोला लागणारं इंधनाचं रसायन करणारा तेवढा एक विभाग इस्रोकडे दिला. बाकी चिमण्या थंड झाल्या. वडिलांच्या जागी मुलगा कंपनीत, हे आता राहिलं नाही. पाताळगंगेच्या एमआयडीसीत काम आहे, पण पुष्कळसं कंत्राटी. मग आपल्या मुली शिकून पनवेल, नवी मुंबई, मुंबई गाठणार. कुणी नर्स, कुणी पोलीस, कुणी विमानतळावर, कुणी मेट्रोत. या सगळ्या कामांना दिवस-रात्र नाही. मुलीचा पगार आपल्याला हवा असेल तर तिची झोपही आपल्याच घराने राखायला हवी.

आमच्या गटाने काही साध्या गोष्टी ठरवल्या. तुम्हाला पटल्या तर तुम्हीही करून बघा.

पहिली, ड्युटीवरून आलेल्या मुलीला किंवा सुनेला सलग झोपू द्यायचं. मधे चहाला उठव, फोनला उठव, असं करायचं नाही. तुकड्या-तुकड्याने घेतलेली झोप पुरी पडत नाही. खोली अंधारी करायची, जाड गोधडी खिडकीला लावली तरी पुरतं.

दुसरी, शेजारपाजारची जबाबदारी आपली. “अजून झोपलीय?” असं कुणी विचारलं तर आईने एकटीने उत्तर देत बसायचं नाही. गटातल्या बाईनेच सांगायचं, “रात्रभर ड्युटी करून आलीय ती.”

तिसरी, घरातलं काम वाटून घ्यायचं. ती झोपलेली असताना भावाने स्वतःचा डबा स्वतः भरला तर काही बिघडत नाही.

चौथी, गाडी चालवताना तिचा फोन बंद असतो. उचलला नाही म्हणून घाबरायचं नाही, रागावायचंही नाही. खरंच तातडीचं असेल तर कुठल्या नंबरला कळवायचं, तो तिच्याकडून लिहून घेऊन भिंतीला लावायचा.

पाचवी, स्थळाच्या बैठकीत हा विषय आपणच काढायचा. रात्रपाळी सोडेल का, असं त्यांनी विचारलं तर आपणही विचारायचं, “सकाळी ड्युटीवरून आली तर तुमच्याकडे तिला झोपायला मिळेल का?” या एका प्रश्नाच्या उत्तरावरून घर कसं आहे ते कळतं.

आणि जाता जाता एक सावधगिरी. मेट्रोत किंवा रेल्वेत लावून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल फिरतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका. जाहिरात आली की ती त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का ते शिकलेल्या मुलीकडून बघून घ्या. अर्जाचं शुल्क भरायचं असेल तर तेही तिथेच. परीक्षा, डोळे आणि लक्षाची चाचणी, या तिन्हींतून दलाल कुणालाच पार करून देऊ शकत नाही.

आमची पोर येत्या आठवड्यात सुट्टीला येणार आहे. दुपारी चारनंतर ती गटाच्या बैठकीला बसेल. दहावी-बारावीतल्या मुलींना घेऊन या, त्यांना जे विचारायचं ते विचारू द्या. पण चारच्या आधी कुणी तिच्या घरी जाऊ नका बरं का. ती रात्रीची ड्युटी करून आलेली असेल.